विरंगुळा की रियाज?

महापालिकांच्या अंदाजपत्रकांत आणि नगरसेवकांच्या फलकांवर गेल्या काही वर्षांत एक शब्द पक्का बसला आहे : विरंगुळा केंद्र. शब्द गोड आहे, हेतूही चांगला आहे. एक खोली, चार बाकडी, वर्तमानपत्रं, कॅरम, भिंतीवर कुणा पुढाऱ्याची तसबीर, आणि महिन्यातून एकदा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. पण शब्दांना पोट असतं. विरंगुळा म्हणजे मन रमवून वेळ घालवणं. म्हणजे साठीनंतरचा वेळ हा उरलेला वेळ आहे, तो सुखात सरला म्हणजे झालं, असं त्या पाटीनंच ठरवून टाकलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटी दहा लाखांच्या घरात होती. आज ती त्याहून बरीच जास्त असणार. एवढ्या माणसांचा वेळ ‘उरलेला’ समजायचा का, हा प्रश्न नाशिकला विचारणं योग्य आहे. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारं, ‘नटसम्राट’ हे म्हातारपणावरचं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं नाटक ज्यांनी लिहिलं त्या शिरवाडकरांचं हे गाव. कलेनं म्हातारपण बरं जातं, असं इथे कुणालाही विचारा, मान डोलावेल. सगळेच मान डोलावतात म्हणूनच विषयाची नीट चिरफाड होत नाही.

म्हणून वादासाठी दोन माणसं उभी केली आहेत. एक निवृत्त डॉक्टर, आकडे आणि पुरावे यांच्याशिवाय न बोलणारे. दुसऱ्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दोघेही कल्पनेतले, त्यांच्या तोंडी आलेली माहिती मात्र खरी. जागा गोदाघाटावरची, यशवंतराव महाराज पटांगणाची. मे महिन्यात तिथे वसंत व्याख्यानमालेला पुढच्या खुर्च्या पिकल्या केसांनी भरतात. व्याख्यान संपलंय, खुर्च्या उचलणं चालू आहे.

डॉक्टर : बाई, कलेनं आयुष्य वाढतं असं हल्ली जो तो ऐकवतो, आणि पुरावा म्हणून एकच अभ्यास पुढे करतो. २०१९ च्या अखेरीस ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० माणसांचा चौदा वर्षं माग ठेवला. संग्रहालय, नाटक, मैफल यांना दर काही महिन्यांनी जाणाऱ्यांचा त्या काळात मृत्यू येण्याचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी निघाला, वर्षातून एकदोनदा जाणाऱ्यांचा १४ टक्क्यांनी. आकडे खोटे नाहीत. पण नाटकाला जातं कोण? ज्याचे गुडघे चालतात, खिशात तिकिटाचे पैसे असतात, सोबतीला कुणी असतं आणि रात्री दहाला घरी परतायची भीती वाटत नाही, तो जातो. गुडघे बरे म्हणून माणूस नाटकाला गेला. नाटकाला गेला म्हणून गुडघे बरे झाले असं कसं म्हणता येईल? स्मृतिभ्रंशाचंही तेच. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांचा अभ्यास गाजला : वाचन, पट मांडून खेळायचे खेळ, वाद्यवादन, नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी. आता हा आजार उघडा पडायच्या कित्येक वर्षं आधी आतून सुरू झालेला असतो. माणसाला चाली आठवेनाशा होतात, मग तो पेटी गुंडाळून माळ्यावर टाकतो. आपण म्हणतो, पेटी सोडली म्हणून विसरायला लागला. बैलगाडीपुढे बैल की बैलांपुढे गाडी, हे आधी ठरवा.

बाई : तुमचा पहिला घाव मी अंगावर घेते. त्या संशोधकांनी पैसा, शिक्षण, आजार, एकटेपणा हे सगळं हिशेबात धरून पुन्हा पाहिलं, आणि तरीही फरक थोडाफार उरला. पण जे मोजलंच नाही ते हिशेबात कसं धरणार? तेव्हा तो अभ्यास बाजूला ठेवू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा धांडोळा घेतला, तोही मी काठी म्हणून वापरणार नाही. तीन हजारांत कडधान्यही आहे आणि खडेही. चिठ्ठ्या टाकून माणसं वाटलेल्या प्रयोगांकडे या. इंग्लंडात केंट परगण्यात साठीपुढच्या २५८ जणांवर असा प्रयोग झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना चौदा आठवडे एकत्र गायला लावलं, काहींचं रोजचं चालू ठेवलं. गाणाऱ्यांची उदासी आणि काळजी कमी झाली, मनाचं स्वास्थ्य सुधारलं. कुणाचे गुडघे बरे होते म्हणून तो गाणाऱ्यांत गेला, असं इथे म्हणता येत नाही. गट चिठ्ठीनं ठरला होता.

डॉक्टर : मग त्याच जातीचा त्याहून मोठा प्रयोग सांगतो. सॅन फ्रान्सिस्कोत ज्येष्ठांच्या बारा केंद्रांत ३९० माणसं. निम्म्या केंद्रांत लगेच समूहगान सुरू, उरलेल्यांत सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनंतर काय निघालं? बौद्धिक क्षमतेत फरक नाही, तोल सांभाळण्यात नाही, पायांच्या ताकदीत नाही, दवाखान्याच्या खर्चात नाही. एकटेपण थोडं कमी झालं आणि जगण्यातला रस वाढला, इतकंच.

बाई : ‘इतकंच’ हा शब्द तुम्ही फार पटकन वापरलात. जगण्यातला रस वाढला, याच्यापुढे म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं असतं? तुमच्याच शास्त्रातला ‘लॅन्सेट’चा स्मृतिभ्रंश आयोग २०२४ मध्ये चौदा कारणं मोजतो, ज्यांच्यावर इलाज करता येतो अशी, आणि त्यांत माणसांपासून तुटणं हे एक कारण आहे. कलेनं स्मृती परत येते असं मी म्हणत नाही. जी मंडळी तसं छापून पैसे घेऊन वर्ग चालवतात, त्यांची बाजू मला घ्यायची नाही. माणूस उद्या सकाळी उठायला राजी असणं हा माझा दावा आहे, आणि तो तुमच्या प्रयोगानं टिकवला.

डॉक्टर : टिकवला, पण कलेसाठी टिकवला नाही, बाई. टिकवला तो संगतीसाठी. तीसेक माणसं आठवड्यातून एकदा एका खोलीत जमली, नावानं हाका मारल्या, चहा झाला. ती गात होती की पत्ते कुटत होती, यानं काय बिघडलं? गंगापूर रोडला पहाटे हास्यक्लबवाले दोन्ही हात वर करून हसतात, जुन्या नाशकात देवळाच्या ओट्यावर म्हातारे राजकारण करतात, बायका भिशी लावतात. तिथेही एकटेपण कमी होतंच. औषध संगतीचं, आणि डबीवर नाव कलेचं. मग हार्मोनियम, कॅनव्हास, प्रशिक्षक यांवर पैसे घालण्यापेक्षा बाकडी वाढवा. विरंगुळा केंद्राला नावं ठेवता, पण तुमच्या तर्कानं तेच पुरेसं आहे.

या वादात सगळ्यात अवघड हरकत हीच आहे, आणि कलेची बाजू घेणारे तिला बहुतेक वेळा बगल देतात. भावना, सौंदर्य, आत्म्याचं अन्न अशी मोठी नावं घेऊन पुढे जातात. तसं करून चालणार नाही. गाणं आणि गप्पा यांत फरक असेल तर तो दाखवता आला पाहिजे. नसेल तर डॉक्टरांची बाकडी स्वस्त आहेत आणि तीच घालावीत. सुदैवानं नेमका हाच प्रश्न विचारणारा एक प्रयोग झालेला आहे. बाईंच्या तोंडून तो ऐकू.

बाई : टेक्ससमधल्या डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला. साठ ते नव्वद वयाची २२१ माणसं. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना तुकडे जोडून गोधड्या शिवायला, काहींना दोन्ही. आठवड्याला सरासरी साडेसोळा तास, तीन महिने. शिकवणारा माणूस समोर, रोज आधीच्यापेक्षा अवघड पाठ. आणि तुमचा संगतीचा प्रश्न त्यांनाही पडला होता, म्हणून आणखी एक गट केला : तितकाच वेळ एकत्र जमायचं, सहली, स्वयंपाक, सिनेमे, खेळ, गप्पा; नवीन काही शिकायचं नाही. म्हणजे तुमचा ओटा आणि भिशीच. तीन महिन्यांनी घडलेलं लक्षात ठेवायची स्मृती तपासली. शिकणाऱ्यांची सुधारली होती, त्यातही फोटोग्राफी शिकणाऱ्यांची सगळ्यात ठळक. गप्पांच्या गटात तसं काही दिसलं नाही. तेव्हा डॉक्टर, संगत हवीच, पण संगतीत बसून काहीतरी अवघड शिकत राहणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याला आमच्यात रियाज म्हणतात.

डॉक्टर : तीन महिने आणि एक प्रयोग. आठवड्याला सोळा तास देणारे स्वयंसेवक, तेही अमेरिकेतले. त्यावर सगळ्या महाराष्ट्राचं म्हातारपण उभारणार?

बाई : उभारणार नाही, दिशा घेणार. आणि बघा, त्या प्रयोगात ‘कला’ जिंकली असंही मी म्हणत नाही. गोधडी ही कला आणि फोटोचा संगणकी संस्कार हे तंत्र, असला भेद तिथे नव्हताच. जिंकलं ते शिकणं. संस्कृत शिकलात तरी कदाचित तेच होईल. मला कला हवी ती दुसऱ्या कारणासाठी. एक म्हणजे ती संपत नाही. भूप राग येतो असं चाळीस वर्षं गाणाराही म्हणत नाही; त्यामुळे उद्यासाठी काहीतरी शिल्लक राहतं. दुसरं, तिच्यात चूक झाली तर कुणाचं नुकसान होत नाही. आयुष्यभर प्रेसमध्ये नोटांवर, विमानाच्या कारखान्यात सुट्या भागांवर ज्यांनी केसभर चुकीची धास्ती वागवली, त्यांना चुकायची मोकळीक साठीनंतर प्रथमच मिळते. आणि तिसरं, म्हाताऱ्याजवळ जो माल आहे, म्हणजे आठवणी, माणसं, गेलेली गावं, त्याला गिऱ्हाईक फक्त कलेच्या बाजारात आहे. घरात तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली की नातवंडं उठून जातात. लिहिली, रंगवली, रंगमंचावर उभी केली, की तीच गोष्ट नवी होते.

बाईंची ही तीन कारणं कुठल्या प्रयोगानं सिद्ध झालेली नाहीत. ती तर्काची आहेत आणि तर्काइतकीच त्यांची किंमत. पण पुरावा जिथपर्यंत नेतो तिथपर्यंत आलो तर एक गोष्ट लपत नाही. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी कला म्हणून जे केलं जातं, त्यात शिकण्याचा भाग जवळपास शून्य असतो. ऑर्केस्ट्रा येतो, ज्येष्ठ ऐकतात. वर्धापनदिन असतो, पंचाहत्तरी गाठलेल्यांना शाल-श्रीफळ मिळतं, सत्कारमूर्ती हात जोडतात. दिवाळी पहाटेला पुढच्या रांगा त्यांच्यासाठी राखून ठेवतात. आदर आहे यात शंका नाही. पण या सगळ्यात म्हातारा माणूस एकतर प्रेक्षक असतो, नाहीतर पूजेची वस्तू. यापेक्षा शहराशहरांत फोफावलेले कराओके क्लब बरे, लोक त्यांना कितीही हसोत. कराओकेचा ट्रॅक कुणासाठी थांबत नाही; अंतरा चुकला की चुकला, म्हणून माणूस घरी जाऊन पुन्हा घोकतो. तो घोकतो, हीच त्यातली कामाची गोष्ट.

डॉक्टर : मग तुमच्या गावच्या नाटकानंच तुम्हाला उत्तर देतो. १९७० च्या डिसेंबरात ‘नटसम्राट’ रंगमंचावर आलं, श्रीराम लागूंनी आप्पासाहेब बेलवलकर उभे केले, १९७४ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सगळ्या महाराष्ट्रानं रडून घेतलं. त्या नाटकातल्या माणसाकडे कला नव्हती का? रक्तात होती. चाळीस वर्षांचा रियाज होता, पाठांतर होतं, वाणी होती. काय उपयोग झाला? पोटच्या पोरांच्या घरी अपमान, बायको गेली, शेवटी फूटपाथ. कल्पनेतलं नको तर खरं घ्या. दादासाहेब फाळके, त्र्यंबकेश्वरचे. सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, बोलपटाचं तंत्र नव्यानं अंगावर घेऊन ‘गंगावतरण’ काढलं. याहून मोठं शिकणं कोणतं? त्यानंतर सात वर्षं चित्रपट नाही, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत याच नाशकात ते गेले. कला म्हातारपणाचा आधार असती तर या दोघांना आधी पावली असती.

बाई : ‘नटसम्राट’ची सुरुवात आठवा, डॉक्टर. पडदा उघडतो तो सत्कार समारंभात. हार, टाळ्या, निवृत्तीचं भाषण. त्या क्षणापर्यंत आप्पासाहेब नट आहेत. सत्कार संपला की ते फक्त कुणाचे वडील आणि कुणाचे सासरे उरतात. इस्टेट वाटून टाकली ही त्यांची चूक सगळ्यांना दिसते, पण त्याआधी त्यांनी काम वाटून टाकलंय. पुढच्या सगळ्या नाटकात त्यांच्या अंगात जी स्वगतं येतात, ती ऐकायला घरात कुणी नाही. आवाज मोठा आणि खोली लहान. त्यांना ऐकणारं माणूस भेटतं ते रस्त्यावर, बूटपॉलिश करणारा राजा. शिरवाडकर स्वतः मात्र तसे थांबले नाहीत. ‘नटसम्राट’ आलं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, आणि १९९० मध्ये त्यांच्या टोपणनावानं कुसुमाग्रज प्रतिष्ठान उभं राहिलं तेव्हा अठ्ठ्याहत्तर. फाळक्यांचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. कलेनं पैसा येत नाही, धंद्यातली हार भरून निघत नाही. ज्याला रंगमंचच नाही त्याची कला त्याला आतून खाते, हेही खरं. म्हणून तर म्हणते, शाल नको, तालमीची जागा द्या.

डॉक्टर : आता मनातलं बोलतो. हा सगळा शिकण्याचा आग्रह मला जुलमी वाटतो. पन्नास वर्षं माणूस घड्याळाच्या काट्यावर धावला. आता तरी त्याला काही न करता बसू द्या. आपल्या परंपरेत त्याला वानप्रस्थ म्हणत. हळूहळू हात सोडायचा. तुमच्या पश्चिमेकडच्या प्रयोगांतून आलेलं हे ‘सक्रिय वार्धक्य’ म्हणजे निवृत्तीनंतरची दुसरी नोकरी. हात थरथरतो, ब्रश धरवत नाही, शेजारी बसलेला माजी अधिकारी सुरेख निसर्गचित्र काढतोय, आणि याला वाटतं, इथेही आपण नापास. त्या माणसाची उदासी तुमच्या वर्गानं वाढवली तर?

बाई : वाढू शकते. जो येत नाही त्याला खेचू नये, आणि वर्गात बक्षीस ठेवू नये, एवढी पथ्यं मला मान्य. झाडाखाली निवांत बसणं ज्याला जमतं त्यानं अवश्य बसावं. ते जमणं हीच मोठी कला आहे, आणि फार थोड्यांना येते. बहुतेकांचं ते बसणं टीव्हीसमोरचं असतं, त्याला वानप्रस्थ म्हणून उगाच मान देऊ नका. आणि परंपरेचं काढलंत म्हणून विचारते, आपल्या शेजारी त्र्यंबकेश्वरला पौष वद्य एकादशीला काय होतं? ज्याच्या नावातच निवृत्ती, त्या निवृत्तिनाथांच्या समाधीला दिंड्या चालत येतात, आणि त्यांत सगळ्यात जास्त कोण असतं? पिकलेली माणसं, गळ्यात वीणा, हातात टाळ. परंपरेनं संसारातून हात सोडायला सांगितला, टाळातून सांगितला नाही.

इथे बाईंनी गुण मिळवला, असं माझं मत. पण डॉक्टरांच्या हरकतीतला अर्धा भाग मला तसाच उभा दिसतो. ‘सक्रिय वार्धक्या’च्या जाहिरातींत चेहरे हसरे, दात शुभ्र आणि माणसं सडपातळ असतात, ज्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय किंवा जो मुळातच अबोल आहे, त्याच्यासाठी त्यांत जागा नसते. कलेचा वर्ग ही आणखी एक परीक्षा होऊन बसली, तर तो बंद पडलेलाच बरा.

डॉक्टर : आणि हे सगळं कुणासाठी? कॉलेज रोडच्या निवृत्त प्राध्यापकांसाठी? येवल्याला पैठणी विणणाऱ्याला जाऊन सांगा की म्हातारपणी कला कर. आयुष्यभर मागावर वाकून त्याची पाठ आणि डोळे गेलेत. तांबट आळीत ठोक्यांच्या आवाजात कान बधिर झालेल्या माणसाला हातोडी बाजूला ठेवणं हाच आनंद असेल. आणि बायका? सुनेच्या नोकरीमुळे नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला तुमच्या वर्गाची वेळ जमते कधी?

बाई : विणकर आणि तांबट यांच्याबद्दल मी हरले. ज्यांची कला हीच नोकरी होती, त्यांना विश्रांती आणि पैसा द्यावा. आणखी कला नको. सरकारनं वृद्ध कलावंतांचं मानधन २०२४ मध्ये सरसकट महिना पाच हजार केलं, आधीच्या २,२५० ते ३,१५० रुपयांपेक्षा ते बरं, पण त्यात दवाखाना भागत नाही. बायकांच्या बाबतीत मात्र तुम्ही चुकताय. वर्गात जाऊन कला शिकायची असते हा समज शाळेत गेलेल्यांचा. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या सांगणाऱ्यांत कितीतरी आज्या होत्या, कितीजणींनी शाळा पाहिलेली नव्हती. पहिली ओळ आईची, दुसरी आपली, तिसऱ्या वेळी शब्द फिरवून शेजारणीला टोला. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, आणि त्या बायकांची दळणाची मेहनत वाचली, ते छानच झालं. पण त्याबरोबर रोज पहाटे नवी ओळ रचण्याची सक्तीही गेली. तिच्या जागी आपण काय दिलं? मालिका. आजही सिडकोत, सातपूरला, नाशिकरोडला दुपारची भजनी मंडळं चालतात. त्यांना तुम्ही भक्ती म्हणून सोडून देता. मी तिथे बसले तर ऐकते की मात्रा कुणाच्या चुकतात, नवी चाल कुणी आणली, गवळण कोण उचलतं, पेटीवर कोण अडतं. तो वर्गच आहे; फक्त त्याला कुणी मास्तर पुरवत नाही. महिन्यातून दोनदा एक चांगला पखवाजवाला त्यांच्याकडे पाठवा, बघा काय होतं ते.

डॉक्टर : पखवाजवाल्याच्या आधी कानवाला पाठवा. हे मी थट्टेनं म्हणत नाही. तुम्ही ‘लॅन्सेट’ची यादी काढलीत ना, त्याच यादीत बहिरेपण आहे, आणि इलाज न केलेली कमी नजरही आहे. ज्याला शेजारच्याचा सूर ऐकू येत नाही तो समूहगानात जास्तच एकटा पडतो. ज्याचा मोतीबिंदू पिकलाय त्याला पिवळा आणि पांढरा सारखाच. आपल्याकडे कानाचं यंत्र लावणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं, म्हणून माणसं वर्षानुवर्षं मान हलवून हो-हो करतात. मग आपण म्हणतो, बाबा हल्ली गप्प गप्प असतात. आधी कान, मग डोळे, मग जिना. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि कठडा एकाच बाजूला असेल तर मी माझ्या जुन्या पेशंटलाही जाऊ देणार नाही. खुब्याचं हाड मोडलं की तुमचा भूप आणि माझं औषध दोन्ही एकाच खाटेवर.

बाई : हे सगळं मी लिहून घ्यायला तयार आहे. तळमजला, भर दुपारची वेळ, सिटीलिंक बसच्या थांब्यापासून चालत पाच मिनिटं, खोलीत प्रतिध्वनी नको, खुर्चीला हात हवेत. यात कुठे माझा विरोध आहे? विरोध पाटीवरच्या शब्दाला आहे. याच शहरात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, शिकायला वय आड येत नाही हे त्याच्या नावातच आहे. याच पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तर आयुष्यात रामनामाचा आश्रम मांडला. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं ते कशासाठी? गाणं चार घराण्यांच्या बंद दारांतून काढून कुणालाही शिकता यावं म्हणून. त्या ‘कुणालाही’मध्ये सत्तरीचा माणूस का नको?

डॉक्टर : म्हणजे त्याला परीक्षेला बसवणार? मघाशी बक्षीस नको म्हणालात.

बाई : बक्षीस नको, परीक्षा चालेल. बक्षिसात दुसऱ्याला मागे टाकायचं असतं, परीक्षेत आपण कुठे आहोत ते कळतं. आणि गंमत अशी की गांधर्वच्या प्रारंभिक परीक्षेला बसायचं तर शेजारी दहा वर्षांची मुलं असतात. म्हाताऱ्यांना म्हाताऱ्यांतच कोंडण्यापेक्षा हे मला जास्त आवडतं. त्या मुलांना कुणी आजोबा म्हणून पाया पडायला लावू नये, एवढंच. तिथे दोघेही पहिलीतले.

डॉक्टर : दहा वर्षांच्या पोराला अलंकार आठ दिवसांत येतो, तुमच्या आजोबांना दोन महिने लागतील.

बाई : लागू देत. घाई कुणाला आहे?

डॉक्टर : आणि नापास झाले तर?

बाई : तर पुन्हा फॉर्म भरतील. तुमच्या दवाखान्यात शेवटचं कधी कुणी सत्तरीचा माणूस पुढच्या सहा महिन्यांनंतरच्या तारखेबद्दल काळजी करत आला होता, ती तारीख शस्त्रक्रियेची नसताना?

डॉक्टर काही क्षण बोलले नाहीत. पटांगणातल्या शेवटच्या खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. मग त्यांनी विचारलं, प्रारंभिकचा वर्ग कुठल्या मजल्यावर भरतो.